उत्कृष्ट मार्गदर्शक

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पोचले. खोली मिळाली. खिडकीतून गाड्या लावायची मोकळी जागा दिसते. पलंग एका बाजूला झुकलेला होता, पायाखाली जुनी मासिकं घातल्यावर सरळ झाला. म्हणजे इथलं माझं पहिलं इंजिनिअरिंगचं काम पार पडलं म्हणायचं.

फोनवर मी सगळं "ठीक आहे" म्हणून मोकळी होते आणि कागदावर खोटं लिहायला जरा कष्ट पडतात, म्हणून पत्रच लिही, असं तू बजावलंस. तर हे बिनकष्टाचं पत्र.

ही फेलोशिप नक्की काय आहे ते बाबांनी ऐकून घेतलंच नाही, निदान तू घे. पीएचडी झाली आहे, पण कायमची नोकरी अजून लागलेली नाही, अशा नवशिक्या इंजिनिअरांना दोन वर्षं पगार मिळतो. एखाद्या अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन करायचं. वर्षाच्या शेवटी मार्गदर्शक अहवाल लिहितो. तो वाचून समिती दुसरं वर्ष द्यायचं की हातात नारळ द्यायचा ते ठरवते.

आता गंमत ऐक. ज्यांच्या नावासाठी मी ही संस्था निवडली, जे व्हिडिओवरच्या मुलाखतीत "ये ये, आपण मिळून मोठं काम करू" म्हणाले होते, ते सर मी यायच्या आदल्याच आठवड्यात परदेशी गेले. वर्षभराच्या रजेवर! कचेरीतल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "तुम्हाला कळवलं नाही?" मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "आम्हालाही नाही."

त्यांच्या खोलीची किल्ली मला दिली आहे. खोलीत त्यांचे फोटोच फोटो आहेत. त्यामुळे सर नाहीत असं अगदीच वाटत नाही.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. त्यांच्या मित्राच्या कारखान्यातली कायमची जागा सोडून मी इकडे आले म्हणून ते स्टेशनवर सोडायला आले नाहीत. हे कळलं तर तिकीट काढून न्यायला येतील.

तुझी,
खुडबुडी

१९ फेब्रुवारी

चि. खुडबुडीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. शुद्धलेखन बरं आहे, अक्षर वाईट आहे. मुख्याध्यापिका निवृत्त झाली तरी तिचा लाल पेन निवृत्त होत नसतो.

तुझ्या सरांचं वाचून मला फारसं नवल वाटलं नाही. आमच्या शाळेला एक तपासनीस होते, ते शाळा न बघताच "समाधानकारक" असा शेरा पाठवायचे. आम्ही त्यांना फार मानत असू.

दादाला मी काही सांगितलेलं नाही. उलट, सर रात्रंदिवस तुझ्याबरोबर असतात, जेवायलासुद्धा घरी जात नाहीत, असं सांगितलं. तो "हं" म्हणाला. त्याचं "हं" तुला ठाऊकच आहे. मग म्हणाला, "तिचं शिक्षण संपणार कधी? माणूस डॉक्टर झाल्यावर आणखी काय होतो?" मी म्हटलं, "पोस्टडॉक." तर म्हणाला, "पोस्टातच जायचं होतं तर तेव्हाच सांगायचं, ओळख होती."

तू नक्की कशावर काम करतेस हे मलाही चारचौघांत सांगता येईल असं लिही. शेजारच्या वकिलीणबाई विचारत होत्या. मी "गुप्त आहे" म्हणून वेळ मारून नेली.

आत्या

११ जून

प्रिय आत्या,

गुप्त वगैरे काही नाही. नट सैल का होतात, हे माझं संशोधन. हस. बाबा माझा एक स्क्रू ढिला आहे म्हणतात त्याचा याच्याशी संबंध नाही.

यंत्र हादरत राहिलं की घट्ट आवळलेला नटसुद्धा हळूहळू फिरून सैल होतो. जिना, पाळणा, लिफ्ट, पूल, जिथे नटबोल्ट आहे तिथे हे भय आहे. पीएचडीत मी नटाखाली बसवायच्या एका चकतीचं, म्हणजे वॉशरचं गणित मांडलं होतं. तिच्यावर तिरक्या खाचा. हादरे बसतील तशा त्या खाचा नटाला अधिकच धरून ठेवतील, असं माझं गणित सांगत होतं. याच कल्पनेवर मला फेलोशिप मिळाली.

तळमजल्यावर माझं हादरवणारं यंत्र आहे. त्यात बोल्ट आवळायचा, यंत्र चालू करायचं, कानांत बोळे घालून बसायचं. आणि आत्या, माझी चकती साध्या चकतीपेक्षा लवकर हार खाते! हादऱ्यांनी खाचाच झिजून सपाट होतात आणि त्या झिजेमुळे नट आणखी मोकळा होतो. मला वाटलं, आवळण्यात चूक झाली असेल. परत केलं. धातू बदलला, तेल पुसलं, पाना बदलला. गणित कागदावर अजूनही सुंदर दिसतं. यंत्राला मात्र त्याची पर्वा नाही.

सरांना व्हिडिओवर सांगितलं. ते कुठल्याशा हॉटेलात नाश्ता करत होते. म्हणाले, "वा, छान, चालू ठेव." मी म्हटलं, "सर, कल्पनाच चुकली आहे." ते म्हणाले, "उत्तम! मला हेच अपेक्षित होतं," आणि वेटरशी बोलायला लागले.

गेल्या महिन्यात ते एकदा येऊन गेले म्हणे. लॅपटॉपचा चार्जर राहिला होता. मी तळमजल्यावर होते, भेट झाली नाही.

खुडबुडी

२ जुलै

चि. खुडबुडीस,

वकिलीणबाईंना सांगितलं की आमची मुलगी पूल पडू नयेत म्हणून झटते आहे. आता त्या जिना चढताना मला कठडा हलवून दाखवतात.

दादालाही तेच सांगितलं. तो म्हणाला, "जमलं का मग?" मी म्हटलं, "जमलं म्हणजे काय, सरांनी पाठ थोपटली." हॉटेलातून का होईना, थोपटली ना?

कल्पना चुकली तर चुकली. पण ते तू गावभर सांगत सुटू नकोस. वर्ष अजून बाकी आहे.

आत्या

२६ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तातडीने सल्ला हवा आहे. सरांनी दोन ओळी पाठवल्या आहेत, जशाच्या तशा उतरवते: "समितीला तुझा वार्षिक अहवाल द्यायचा आहे. मी फार गडबडीत आहे, तूच लिहून पाठव, मी सही करतो."

म्हणजे माझ्या कामाबद्दल सरांचं मत काय आहे हे मीच ठरवायचं! पहिल्या मजल्यावरच्या दुसऱ्या एका फेलोला विचारलं. तो म्हणाला, "त्यात काय? सगळे असंच करतात. मी स्वतःला 'असामान्य प्रतिभावान' लिहिलं आहे. 'अलौकिक' लिहिणार होतो, पण ते गेल्या वर्षीच्या मुलाने वापरलं होतं."

मला हे जमत नाही गं. "असामान्य" लिहायला बसले की खाली यंत्राची खडखड ऐकू येते. तू आयुष्यभर शिक्षकांचे गोपनीय अहवाल लिहिलेस. स्वतःबद्दल कसं लिहायचं?

खुडबुडी

५ डिसेंबर

चि. खुडबुडीस,

अगदी सोपं आहे. स्वतःबद्दल लिहितो आहोत हे विसरायचं. शेजाऱ्यांच्या मुलीबद्दल लिहायचं आहे असं समज आणि बिनधास्त लिही. पेन आपोआप चालेल.

थंडी आहे का तिकडे? गळ्याला गुंडाळून बस.

आत्या

१४ डिसेंबर

प्रिय आत्या,

तुझा सल्ला सोन्यासारखा निघाला. शेजाऱ्यांची मुलगी म्हटल्यावर संकोचच गेला. काही हातचं राखलं नाही.

लिहिलं, की संशोधिकेची मूळ कल्पना चुकीची ठरली. तिने सुरुवातीचे काही महिने ही चूक मान्य करण्याऐवजी धातू आणि पाने बदलण्यात घालवले. मात्र कल्पना का चुकली, हे तिने नंतर नीट शोधून काढलं. खाचा कशा झिजतात ते प्रत्येक टप्प्याच्या फोटोंसह मांडलं. अशा खाचांची चकती कुणी वापरू नये, हा तिच्या वर्षभराच्या कामाचा एकमेव पण भक्कम निष्कर्ष आहे. स्वभावाच्या रकान्यात "हट्टी" लिहिलं. मार्गदर्शनाच्या रकान्यात, "संशोधिकेला पूर्ण स्वातंत्र्य देण्यात आले." हे तर शंभर टक्के खरं.

पाठवला आणि चहा करायला उठले. चहा उकळायच्या आत सरांची सही होऊन परत आला. सोबत दोनच शब्द, "छान लिहिलंस". तसाच समितीकडे धाडून दिला.

खुडबुडी

२२ डिसेंबर

अगं मूर्ख मुली,

शेजाऱ्यांच्या मुलीचं माणूस तोंड भरून कौतुक करतं! नावं ठेवायला घरची असते! वकिलीणबाईंच्या मुलीला मी गेली कित्येक वर्षं "गुणाची पोर" म्हणते आहे आणि ती एकदाही वेळेवर उठलेली मी पाहिलेली नाही. एवढी शिकलीस आणि हे तुला ठाऊक नाही?

परत मागव तो अहवाल.

आत्या

४ मार्च

चि. खुडबुडीस शंभर शंभर आशीर्वाद!

तुझी काही खबर नाही म्हणून मनाला घोर लागला होता. पण आज वकिलीणबाई मोबाईल नाचवत वर आल्या. समितीच्या पानावर मोठ्या अक्षरांत पुरस्कार, तुमच्या संस्थेचं नाव आणि खाली तुझा त्या हादरवणाऱ्या यंत्राशेजारचा फोटो! चष्मा सापडेना म्हणून बाकीचं मी वाचलं नाही, वाचायची गरजही नव्हती. मी आधीच रडायला लागले होते.

म्हणजे तुझंच बरोबर होतं. खरं लिहिलंस आणि त्याचं चीज झालं. मी सगळ्या मजल्यांवर गोड वाटलं. दादाकडे गेले तेव्हा तो दाढी करत होता. ऐकून अर्ध्या दाढीवर बाहेर आला आणि समोरच्या निवृत्त कॅप्टनचं दार वाजवून "आमच्या मुलीला पुरस्कार" असं सांगून आला. मग उरलेली दाढी केली. तुझ्याशी बोलत नाही म्हणून काय झालं?

आत्या

१२ मार्च

प्रिय आत्या,

चष्मा सापडला असेल तर खाली बस आणि वाच.

पुरस्कार मला नाही, सरांना आहे. "उत्कृष्ट मार्गदर्शक". समितीने म्हटलं आहे, की आलेल्या सगळ्या अहवालांत हा एकच अहवाल प्रामाणिक, सखोल आणि निर्भीड होता. बाकी सगळे फेलो असामान्य निघाले. आपल्या हाताखालच्या व्यक्तीचं इतकं बारकाईने निरीक्षण करणारा, तिच्या चुका न लपवणारा गुरू दुर्मिळ आहे, असंही लिहिलं आहे. फोटो माझा आहे, कारण सरांचा यंत्राशेजारचा फोटो कुणाकडेच नव्हता.

माझं दुसरं वर्ष नामंजूर झालं. कारण, आणि हेही तेच लोक लिहितात, "मार्गदर्शकांच्याच मते मूळ कल्पना चुकीची ठरली आहे." असामान्य प्रतिभावान मुलाला दुसरं वर्ष मिळालं. तो मला चहा पाजायला आला होता. वाईट वाटलं त्याला, खरंच.

मी समितीला कळवलं, की तो अहवाल सरांनी नाही, मी लिहिला आहे. उत्तर आलं: "अहवालावर मार्गदर्शकांची सही असल्यामुळे तो त्यांनीच लिहिला असल्याचे मानण्यात येते. आपली विनम्रता कौतुकास्पद आहे."

वाटलेलं गोड परत मागता येणार नाही हे कळतं मला. पण बाबांना कोण सांगणार?

खुडबुडी

२० मार्च

चि. खुडबुडीस,

मी सांगणार नाही. माझ्याने होणार नाही. कॅप्टनसाहेबांनी दादाला फुलांचा गुच्छ पाठवला आहे आणि दादाने तो पाण्यात ठेवला आहे. रोज पाणी बदलतो.

तू घरी ये. कारखान्यातली जागा गेली असेल तर दुसरी बघू. आणि त्या माणसाचं नाव माझ्यासमोर काढू नकोस.

आत्या

२ एप्रिल

प्रिय आत्या,

नाव काढत नाही, पण त्यांचाच निरोप आला आहे. पुरस्कार समारंभासाठी ते परत येत आहेत. लिहितात: "पाच मिनिटांचं भाषण करायचं आहे. तुला विषय माहीत आहे. तूच लिहून ठेव, मी तिथे घेतो."

आधी मी जिन्यात बसून पोटभर रडले. मग वर जाऊन भाषण लिहिलं. जे खरं आहे तेच लिहिलं. त्यांना आधी पाठवलंही आहे, म्हणजे फसवलं असं कुणी म्हणायला नको. ते वाचतील, चिडतील, मला बोलावून घेतील आणि एकदाचं आमचं समोरासमोर बोलणं होईल, एवढीच माझी इच्छा आहे.

खुडबुडी

१८ एप्रिल

प्रिय आत्या,

काल समारंभ झाला. घाईघाईत लिहिते आहे, त्यामुळे अक्षर आज आणखी वाईट आहे.

सभागृह भरलेलं होतं. सर आले, मला म्हणाले, "अरे वा, तू उंच आहेस!" मी विचारलं, "सर, भाषण वाचलंत?" ते म्हणाले, "तू लिहिलंस ना? मग प्रश्नच नाही." आणि माझ्या हातातले कागद घेऊन व्यासपीठावर गेले.

आत्या, ते तसेच वाचायला लागले. खणखणीत आवाजात. "मित्रहो, ज्या अहवालासाठी हा पुरस्कार मला मिळतो आहे, तो मी लिहिलेला नाही. मी तो वाचलेलाही नाही." लोक हसले, टाळ्या पडल्या. सरही खूश झाले. त्यांना वाटलं, भाषणाची सुरुवात मी विनोदाने केली आहे. पुढे वाचलं, "या वर्षात मी संस्थेत एकदाच आलो. माझा चार्जर राहिला होता." आणखी मोठा हशा झाला.

मग ते थांबले. पुढची ओळ त्यांनी मनात वाचली असणार, कारण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ती ओळ अशी होती, "ज्या मुलीने हा अहवाल लिहिला, तिचं काम याच अहवालामुळे बंद झालं आहे, आणि तिचं नाव मला आत्ता आठवत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं नाही. ठरवूनच नाही बघितलं. त्यांना थांबता आलं असतं, काहीतरी जुळवता आलं असतं. पण पाच मिनिटं भरायला त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं गं! त्यांनी ती ओळ वाचली. हळूहळू, शेवटपर्यंत सगळं वाचलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेजारच्या गृहस्थांनी डोळे पुसले. मला म्हणाले, "काय हा माणूस! एवढा मोठा आणि किती लीन!"

खाली आल्यावर सर माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता. ते म्हणाले, "भाषण चांगलं होतं. जरा लांबलं." आणि फोटो काढायला गेले.

टाळ्या न वाजवणारी एकच बाई होती. समितीच्या अध्यक्षा, पांढऱ्या केसांच्या. गर्दी पांगल्यावर त्या मला शोधत आल्या. त्यांनी सरांबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं, "खाचा आधी कुठून झिजतात, कडेने की मधून?" मी म्हटलं, "कडेने." त्या म्हणाल्या, "मला मधून वाटलं होतं. का बरं कडेने?" मग आम्ही जिन्याजवळ उभ्या उभ्या बोलत राहिलो, आजूबाजूची माणसं कप गोळा करून गेली तरी. तुला सांगू? वर्षभरात इथे मला कुणी माझ्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

निघताना त्या म्हणाल्या, "समितीचा निर्णय मला फिरवता येत नाही, सही मीच केली आहे. न वाचता नव्हे, वाचून केली, हे जास्त वाईट. पण माझ्या प्रयोगशाळेत एक जागा आहे. पगार कमी. मी तिथे रोज असते, प्रत्येक गोष्टीत नाक खुपसते. विचार करून सांगा."

मी विचार न करताच हो म्हटलं.

आज सकाळी कचेरीतल्या बाईंनी एक कागद दिला. भाषणानंतर समितीने रातोरात नवा नियम केला आहे. यापुढे मार्गदर्शकांनी अहवालाखाली "हा मी स्वतः लिहिला आहे" असं वेगळं लिहून सही करायची. सरांनी तो कागद माझ्याकडे पाठवला होता, भरून ठेवायला. मी तो त्यांच्या टेबलावर ठेवला, किल्ली वर ठेवली आणि दार ओढून घेतलं.

आता बाबांना तू सांग किंवा मी सांगते.

खुडबुडी

३० एप्रिल

चि. मुलीस,

हे पत्र मी लिहितो आहे, तुझी आत्या नाही. ती शेजारी बसून डोळे पुसते आहे आणि माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर नजर ठेवून आहे.

मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. आत्या खोटं बोलते तेव्हा फार तपशील देते, हे ती परकर नेसायची तेव्हापासून मला माहीत आहे. सर जेवायलासुद्धा घरी जात नाहीत असं ती म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं की सर नाहीत. पुरस्काराचं मात्र मला खरं वाटलं, कारण ते खरं असावं असं मला वाटत होतं. परवा तिने तुझी सगळी पत्रं माझ्यापुढे ठेवली. ती मी वाचली, दोनदा वाचली.

कॅप्टनला जाऊन सांगून आलो, की पुरस्कार मुलीला नव्हता. तो म्हणाला, "मग मुलीने केलं तरी काय?" मी म्हटलं, "तिने एक वर्ष घालवून स्वतःचीच चूक शोधून काढली आणि ती सही-शिक्क्यानिशी लिहून दिली." त्याने मला आत बोलावून बसवलं. म्हणाला, "आमच्या फौजेत हे कुणी केलेलं मी पाहिलं नाही." फुलं त्याने परत मागितली नाहीत.

नव्या जागी कमी पगार आहे हे वाचलं. त्यावर मी काही लिहिलं होतं, पण आत्या "खोड ते" म्हणते आहे, म्हणून खोडलं.

आता संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा कॅप्टन आणि आणखी दोघेतिघे नटांबद्दल विचारतात. मी जमेल तसं सांगतो. काल एकाने विचारलं, की नट सैल व्हायला लागला आहे हे तो पूर्ण निघायच्या आधी कळतं कसं? बघून की हात लावून की आवाजावरून? मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, मुलीला विचारतो.

तर सांग. घाई नाही. सविस्तर लिही.

बाबा